बिनशिट्टीचं भांडं

फ्रिजवर चिठ्ठी लावलेली होती. ‘आई, चिकन खालच्या कप्प्यात आहे. गाजर-रताळं रात्रीच चिरून डब्यात भरलंय. अकरा वाजता सगळं भांड्यात घाला, लोवर ठेवा आणि आराम करा. झाकण उघडू नका.’ शेवटच्या तीन शब्दांखाली तीन रेघा होत्या. माझ्या सुनेचं अक्षर एरवी गोल नि शांत. पण या रेघा ओढताना पेनाचा जोर असा पडला होता की कागद मागून उठून आला होता. पहिली रेघ विनंतीची, दुसरी काळजीची. तिसरी मागच्या मंगळवारची.

मागच्या मंगळवारचं सांगण्याआधी त्या भांड्याची ओळख करून द्यायला हवी. मुलगा-सून शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाच्या गावात राहतात. मी सहा महिन्यांसाठी अलिबागहून आलेय आणि त्यातले चार महिने थंडीचेच निघाले. ओट्याच्या कोपऱ्यात हा स्लो कुकर बसलेला असतो. बाहेरून पत्र्याचं कवच, आत चिनीमातीचं लंबगोल जड भांडं, वर काचेचं झाकण. लोणच्याच्या बरणीनं बादलीत बैठक मारावी तसं ते ध्यान दिसतं. बटणाला तीन खुणा: लो, हाय आणि वॉर्म. पहिल्या दिवशी मी त्याला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, “अगं, याची शिट्टी कुठंय?”

“याला शिट्टी नसते, आई.”

“मग झालं ते कळतं कसं?”

“सहा तासांनी होतंच.”

सहा तास! सहा तासांत मी मांडव्याहून लाँचनं गेटवेला जाते, थोडी खरेदी करते, उलटी लाँच पकडते आणि घरी येऊन भात टाकते.

मी शिट्टीवर संसार केलेली बाई आहे. हॉकिन्स आणि प्रेस्टिज, दोघांचेही कुकर आपल्याकडे १९५९ साली आले, पण आमच्या घरात शिरायला त्यांना आणखी दहा वर्षं लागली, कारण कुकर फुटतो अशी आमच्या आत्याची पक्की खबर होती. वडील शाळामास्तर. त्यांनी तिला समजावलं की डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्येच वाफ कोंडून हाडं मऊ करणारं भांडं केलं होतं, आणि ते फुटू नये म्हणून पुढं त्याला झडपही बसवली होती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे फुटत होतं ना?”

पण एकदा तो आला आणि घराला लय लागली. भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, हरभऱ्याला सहा. “किती झाल्या ग?” हा प्रश्न आमच्या घरात जितक्या वेळा विचारला गेला असेल, तितक्या वेळा “कशी आहेस?” हा नक्कीच गेला नसेल. चाळीत राहायला गेले तेव्हा शेजारणीची शिट्टी आपल्या खात्यात धरून मी दोनदा कच्ची डाळ उतरवली आहे. तरीसुद्धा शिट्टीवरचा विश्वास ढळला नाही. शिट्टी म्हणजे आतल्या पदार्थानं बाहेरच्या बाईला दिलेली हाक. कोंडलेल्या वाफेत पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांपर्यंत तापतं आणि वीस मिनिटांत काम आटोपतं. ते आटोपल्याचं ओरडून सांगणारी ती हाक.

हे भांडं ओरडत नाही. कुजबुजतसुद्धा नाही. त्यातलं पाणी धड उकळतही नाही, उकळीच्या उंबऱ्याशी येऊन बसून राहतं. लो काय नि हाय काय, शेवटी दोघांनाही पोचायचंय त्याच उंबऱ्याशी. हायवाला जरा लवकर पोचतो, एवढंच. हे कळल्यावर मला वाटलं, आपल्याकडच्या साध्या गाडीत आणि जलद गाडीत तरी दुसरा काय फरक असतो?

सुनेनं हे भांडं का घेतलं, त्यालाही कारण आहे. या घरांच्या छताला धुराचा भोंगा असतो. आपण लाल मिरची तेलात टाकली की तो समजतो घर पेटलं. शिवाय खिडक्या बंद, म्हणून फोडणीचा वास कोटांच्या कपाटात जाऊन बसतो. ऑफिसात एका गंभीर बैठकीत तिला बोंबलाचा वास आला. कोण असेल असा विचार करत तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि मग स्वतःच्या बाहीला नाक लावलं. त्या शनिवारीच स्लो कुकर घरात आला.

हे सगळं मला पटतं. पटलं नव्हतं ते एवढंच, की मी घरात धडधाकट असताना कोंबडी यंत्रानं का शिजवायची? “आई, तुम्ही इथं स्वयंपाक करायला आला नाहीत,” असं ती म्हणाली. तिच्या मनात मला विश्रांती द्यायची होती. मला मात्र बढतीच्या नावाखाली खात्यातून उचलल्यासारखं वाटलं.

तर मागचा मंगळवार. मी पहिल्यांदा एकटीनं त्यात कोंबडी लावली आणि हाताच्या सवयीनं दोन पेले पाणी ओतलं. गॅसवर निम्मं आटून जातं म्हणून आपण घालतो. इथं वाफ काचेच्या झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि थेंब पुन्हा भांड्यात. घरातलं पाणी घरात. वर कोंबडीनं आपलं सोडलं, टोमॅटोनं आपलं. संध्याकाळी जे तयार झालं त्याला माझ्या मुलानं ‘रस्सा’ म्हटलं, नातवानं ‘सूप’ म्हटलं आणि सून काहीच म्हणाली नाही. कोंबडी बिघडली तरी रश्श्यावर निभतं, पण तेही नशीब नव्हतं, कारण नारळाचं दूध मी सुरुवातीलाच घातलं होतं. सहा तासांत ते फाटून त्याच्या गुठळ्या तरंगत होत्या. कोंबडीचे तुकडे बिनहाडाचे, छातीचे. या भागात चरबी कमी. तासन्‌तास ठेवला की त्याची सुतळी होते. नातीनं एक तुकडा काट्यानं उलगडत नेला आणि विचारलं, “आजी, हा दोरा खायचा का?”

आणि झाकण. मी ते सात वेळा उघडलं. एकदा उघडलं की कोंडलेली ऊब निघून जाते आणि ती पुन्हा जमायला वीस-तीस मिनिटं जातात, हे मला नंतर कळलं. सात गुणिले पंचवीस करून बघा. साडेपाचचं जेवण आठच्या पुढे गेलं. मुलं तोवर वरणभात खाऊन पेंगायला लागली होती.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. मला शिजणं डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. आपल्या भाषेनं स्वयंपाकघरात कानाला काय काय देऊन ठेवलंय! रटरटतंय म्हणजे ठीक चाललंय. खदखदतंय म्हणजे आच कमी कर. चुरचुरलं म्हणजे बुडाला लागायला आलं, पाण्याचा हबका मार. आणि भांडं एकदम गप्प झालं की हातातलं टाकून धाव, कारण आतलं पाणी संपलं. पन्नास वर्षं मी गप्प भांड्याकडे धावत आलेय. हे भांडं सकाळपासून गप्प होतं. मग मी धावणार नाही तर काय करणार?

त्या रात्री मला बरं वाटावं म्हणून मुलानं भांड्याची कुळकथा सांगितली. हे भांडं इथलंच, शिकागोचं. आयर्विंग नॅक्सन नावाचा एक इंजिनिअर होता. त्याच्या आईनं तिच्या आईची आठवण त्याला सांगितली होती. ती आजी लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरातली, म्हणजे आताच्या व्हिल्नियसची. ज्यू लोकांत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घेवड्याच्या बिया, सातू, बटाटे आणि मांस असं मडक्यात भरून ते पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टीची निवती ऊब रात्रभर त्याला शिजवत राहायची. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली की मडकं घरी आणायचं. त्या पदार्थाचं नाव चोलेंट. नॅक्सनच्या डोक्यात ते मडकं राहिलं. त्यानं मातीच्या भांड्याभोवती विजेची तार गुंडाळावी तसं यंत्र केलं, १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज टाकला आणि १९४० मध्ये ते मिळवलं. नाव दिलं ‘नॅक्सन बीनरी’. तीस वर्षं ते बेताबेतानं चाललं. १९७० मध्ये त्याची कंपनी कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं घेतली आणि पुढच्याच वर्षी तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. तेव्हा इथल्या बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी येऊन जेवा. मग ते असं खपलं की विचारू नका. सुरुवातीला ते शेवाळी हिरव्या न् हळदी पिवळ्या अशा रंगांत मिळायचं म्हणे. मला तो पिवळा चालला असता.

म्हणजे आजीला शनिवारी सुट्टी मिळावी म्हणून जे मडकं भट्टीत गेलं, ते नातवानं सुनांना सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाता यावं म्हणून ओट्यावर आणलं. मी हे मुलाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “आई, तू जेव.”

पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. आधी वडिलांचा इकमिक कुकर आठवला. इंदुमाधव मल्लिक नावाच्या बंगाली डॉक्टरनं १९१० मध्ये काढलेलं ते यंत्र. पिंपासारखं उभं भांडं, तळाला कोळशाची शेगडी, वर डब्यावर डबे. वडील मुंबईत शिकायला असताना सकाळी त्यात डाळ-तांदूळ लावून कॉलेजला जायचे आणि परत आले की जेवण तयार. लग्नानंतर त्याचा डबा धान्य मोजायला गेला. मग त्याच्याही मागे जाऊन मला रेवदंड्याची, माझ्या माहेरची मावशी आठवली. सख्खी नव्हे, शेजारची. ती शनवार तेल्यांची.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली लोकांना आमच्याकडे शनवार तेली म्हणायचे. त्यांच्या पूर्वजांचं गलबत फार फार पूर्वी नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं इथलीच झाली, असं ते सांगतात. गावावरून आडनावं घेतली, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले. पण शनिवारी घाणा बंद. बैलाला त्या दिवशी जुंपायचं नाही. माझ्या लहानपणी मावशीच्या घरात घाणा उरलेला नव्हता, नुसतं नाव उरलं होतं. शनिवारची सुट्टी मात्र होती. शुक्रवारी दुपारपासून त्यांच्या मागच्या दारातून कोंबडीच्या कालवणाचा वास यायचा आणि तो आमच्या घरच्या कालवणापेक्षा गोडसर असायचा. कारण त्यांच्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. दही नाही, साय नाही, तुपाची धार नाही. सगळी भिस्त नारळाच्या दुधावर. आणि कोथिंबीर तर हात सैल सोडून. ते कालवण चुलीच्या वैलावर निखाऱ्यांच्या उबेला राहायचं. वैल ही चुलीची मागची जागा. तिथं जाळ पोचत नाही, नुसती धग पोचते. एकदा शनिवारी सकाळी मी विचारलं होतं, “मावशी, तुमची चूल आज का पेटली नाही?”

“आज तिला सुट्टी,” मावशी म्हणाली. पांढरं पातळ नेसून ती ओटीवर पाय पसरून बसली होती. चाळिशीतली बाई दिवसाढवळ्या पाय पसरून बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पुढं ते कुटुंब इस्रायलला गेलं.

तर या मंगळवारी मी त्या मावशीच्या पद्धतीनं करायचं ठरवलं. सुनेला फोनवर सांगितलं की चिठ्ठीतलं सगळं ऐकेन, पण वाटण मी भाजून घेणार. तिनं क्षणभर विचार केला असावा. “एक्झॉस्ट लावाल?” “लावेन.” “खिडकी?” “तीही उघडेन.”

भाजण्याबद्दल मी हटून बसले त्यात नुसता हट्ट नव्हता. हे भांडं सगळं शिजवतं, पण खरपूस करणं त्याच्या कुंडलीत नाही. या भांड्यात पाणी आहे तोवर शंभराच्या वर आच जात नाही आणि कांदा तांबूस व्हायला त्याहून बरीच जास्त लागते. कच्चा कांदा त्यात सहा तास ठेवला तर तो मऊ होतो, गोड होतो, पण त्याला आजारी माणसाचं जेवण असल्यासारखी चव येते. म्हणून बाहेर उणे पंधरा असताना खिडकी उघडून, अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल बांधून मी दोन मोठे कांदे उभे चिरून तव्यावर परतायला घेतले. कडा काळपट झाल्या, मग अर्धी वाटी सुकं खोबरं, आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, थोडे धणे. खोबऱ्याचा रंग बदलला आणि छतावरचा भोंगा वाजला. मी बेकिंगचा ट्रे घेऊन त्याला वारा घालत उभी राहिले. या घरात शिट्टी वाजवणारी तेवढी एकच वस्तू आहे, पण तिचं वेळापत्रक चुकीचं आहे.

कोंबडी मी या वेळी मांडीची आणवली होती. किलोभर, हाडासकट, कातडं काढून. मांडीच्या मांसात शिरा-पडदे जास्त. मंद आचेवर ते हळूहळू विरघळतात आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. त्यासाठी पीठ कालवावं लागत नाही. आता एक कबुली. इथं कच्ची कोंबडी धुऊ नका असं सांगतात, कारण शिंतोडे उडून जंतू ओटाभर पसरतात आणि शिजवल्यावर ते तसेही मरतात. मला हे पटतं. तरी मी हळद-मीठ लावून नळाखाली एकदाच, अगदी बारीक धारेत, इकडेतिकडे बघून धुतली. मग ओटा दोनदा पुसला.

भरण्याची रीत उलटी आहे. आपण मांस आधी शिजवतो, बटाटा मागाहून टाकतो. या भांड्यात गाजर, रताळं असली कंदमुळं मांसापेक्षा हट्टी ठरतात, म्हणून ती तळाला, धगीशी. त्यावर वाटण, दोन टोमॅटो, चमचाभर हळद, आणि अलिबागहून तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेला घरचा मसाला. गावी चार चमचे घातला असता, इथं नातवंडांसाठी एकच. सगळ्यात वर कोंबडी. पाणी फक्त अर्धी वाटी, तीही मिक्सरचं भांडं विसळलेली. हात थांबेना, मी डावा हात उजव्या मनगटावर ठेवून तांब्या खाली ठेवला. मूठभर राजमा भिजवून टाकायचा मोह झाला होता, पण सुनेनं तो आधीच हाणून पाडला होता, आणि तिथं ती बरोबर होती. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते दहा मिनिटं सडकून उकळल्याशिवाय जात नाही, आणि या भांड्याला सडकून काही करता येत नाही. गोठलेली कोंबडीही यात थेट टाकायची नसते; ती कोमट अवस्थेत ताटकळत राहते आणि तेवढ्यात जंतूंचं फावतं. तर राजम्याऐवजी डब्यातले शिजलेले छोले घातले. झाकण लावलं. लो. अकरा वाजून पाच मिनिटं.

मग मला कळेना, आता करायचं काय. ओटा पुसलेला, भांडी धुतलेली. मी सोफ्यावर बसले. खार बर्फात काहीतरी उकरत होती. तिला काम होतं. शेवटी अलिबागला बहिणीला फोन लावला. तिच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

“काय ग, सगळं बरंय ना?”

“बरंय. कोंबडी शिजतेय.”

“मग फोन कसला करतेस? आधी गॅस बारीक करून ये.”

तिला समजावता समजावता पंधरा मिनिटं गेली. ती म्हणाली, कालच वाडीत पोपटी लावली होती. जानेवारी लागला की रायगडात दुसरं काय होणार! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये केळीच्या पानात मसाल्याची कोंबडी, चार अंडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. झालं की नाही बघायला वरून पाणी शिंपडायचं. चर्र करून क्षणात वाळलं की काढायचं.

“आणि मध्ये उघडून बघितलंत का?” मी विचारलं.

“वेडी आहेस का? पोपटी कुणी मध्ये उघडतं?”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते. त्या आगीभोवती लहानपणापासून मी पन्नास वेळा तरी बसले असेन. गप्पा मारल्या, गाणी म्हटली, डोळ्यांत धूर घेतला. मडकं उघडावं असं एकदाही मनात आलं नाही. मग इथंच काय होतं? बहुधा तिथं चारचौघं असतात आणि इथं मी एकटी असते. वाचकांपासून लपवत नाही: साडेबाराला मी झाकण बोटभर उचललं होतं. वास घेतला आणि ठेवलं.

पावणेचारला नात शाळेच्या बसमधून उतरली. दारातच बूट सोडता सोडता थांबली, नाक वर केलं. “आजी, घराला अलिबागचा वास येतोय.” तिला मी झाकणापाशी नेलं. आतून थेंबांचा पडदा धरलेला, काही दिसेना. तिनं मला बाजूला केलं आणि काचेवर बोटानं टिचकी मारली. टक्. थेंब सरसरून ओघळले आणि गोल खिडकी उघडली. आत मसाला कडेला हलकेच बुडबुडत होता, एका बाजूनं तेलाचं तांबूस वलय सुटलं होतं, हाडाचं टोक मांसातून वर आलं होतं. पुन्हा धुकं जमलं. मी टिचकी मारली. मग तिनं. पाचपर्यंत आम्ही दोघींनी त्या झाकणाला इतक्या टिचक्या मारल्या की कॅरमसुद्धा लाजला असता, पण झाकण जागचं हललं नाही.

पाच वाजता उघडायची अधिकृत वेळ. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात घालायचं, म्हणजे फाटत नाही. त्याबरोबर मूठभर पालक. मी हात धुऊन, पदर खोचून, दहीहंडीखाली उभ्या राहणाऱ्यांच्या उत्साहानं झाकण उचललं. वाफेचा लोट आला आणि माझ्या चष्म्याच्या काचांवर तोच थेंबांचा पडदा बसला. नात म्हणाली, “आजी, टिचकी मारू?”

सून आली ती आधी थर्मामीटर घेऊनच. आमच्याकडे थर्मामीटर माणसाला लावतात, इथं कोंबडीला. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसच्या वर असली की ती सुखरूप शिजली. आमची १९०च्या पुढे होती. माणूस असतं तर केव्हाच गेलं असतं.

जेवायला बसलो. भात, कोंबडी, लिंबाची फोड. मोठ्यांसाठी मी छोट्या कढल्यात चमचाभर तेल, घरचा मसाला आणि लसूण अशी तर्री वेगळी करून ठेवली होती. ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी, मिसळीसारखी. त्यामुळे एकाच भांड्यातून मुलांचं मवाळ आणि आमचं जहाल, दोन्ही निघालं. नातवानं पालकाचा धागा चिमटीत धरून उजेडात धरला. या पिढीला कोथिंबीरसुद्धा भिंगातून दिसते. “हे हिरवं काय?” “मसाला,” मी म्हटलं. तो थोडा विचारात पडला आणि त्यानं तो खाल्ला. रताळं मात्र विरघळून रश्श्यात नाहीसं झालं होतं. ते त्यानं दोनदा मागून खाल्लं आणि त्याला ते कधीच कळणार नाही.

मुलगा काही बोलत नव्हता. त्यानं हाड चोखलं, बाजूला ठेवलं, परत उचलून चोखलं. मग म्हणाला, “आई, हे काल केलंस का?”

आमच्या घरात कालवणाची याहून मोठी स्तुती नाही. कोंबडी दुसऱ्या दिवशीच खरी लागते. रात्रभर मुरली की मसाला हाडापर्यंत पोचतो, आणि मग शिळ्या भाकरीबरोबर ती खायला घरात भांडणं होतात. या मुक्या भांड्यानं सहा तासांत तो दुसरा दिवस आणून दाखवला होता. हे मी मोठ्यानं मान्य केलं नाही. भांड्याकडे बघून मान हलवली, तेवढं पुरे.

“झाकण उघडलंत का, आई?” सुनेनं विचारलं.

“पाच वाजता. नियमानं.”

“मी साक्षीदार आहे,” नात म्हणाली. पावणेचारच्या आधीचं तिला कुणी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर सून भांडी घासायला उठली, तर मी तिच्या हातातून घासणी घ्यायला गेले. तिनं दिली नाही. म्हणून मग मी सोफ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं पाय पसरले.

पुढच्या मंगळवारी फ्रिजवर पुन्हा चिठ्ठी. चिकन खालच्या कप्प्यात आहे, भाज्या डब्यात, झाकण उघडू नका. या वेळी रेघ एकच होती. आणि तिच्याखाली पेन्सिलीनं, वेलांटीची दिशा चुकवून, नातीनं लिहिलं होतं: ‘आजी, टिचकी चालते.’